येऊरची रात्र अंधारी राहू द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या ठाण्याच्या येऊर परिसरात रात्री उशिरापर्यंत जळणाऱ्या प्रखर दिव्यांकडे आणि त्यांमुळे भरकटणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सप्टेंबर सरत आला की येऊरमधल्या पाटोणापाड्याच्या बाजूला झुडपांच्या गचपणातून ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज येऊ लागतो. तो ब्लिथ्स रीड वॉर्बलर, आपल्या वटवट्यांच्या कुळातला. मातकट रंगाचा, चिमणीहून लहान, वजनाने जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा. फिनलंडपासून मध्य आशियापर्यंतच्या प्रदेशात वीण आटोपून तो हिवाळ्यासाठी आपल्याकडे उतरतो. ग्रीनिश वॉर्बलर येतो, आणि लाल छातीचा माशीमारही. हा माशीमार शेपटी झटक्यात वर उचलतो, तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना असलेला पांढरा रंग लख्ख दिसतो. लांबून त्याला ओळखायला तेवढी खूण पुरते.

यांतले बहुतेक पक्षी रात्री प्रवास करतात, कारण तेव्हा हवा गार व स्थिर असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारे ते दिशा धरतात. प्रखर प्रकाशाने ते भरकटतात, दिव्यांभोवती घिरट्या घालत अंगातली चरबी व्यर्थ जाळतात, काचांवर आदळतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला जंगलाच्या उंबरठ्यावर खेळाच्या टर्फ मैदानांचे आणि लग्नाच्या लॉनचे फ्लडलाइट आडवे यावेत, हे मनाला फार लागते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २०१६ साली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र घोषित झाले आहे. ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची मर्यादा आहे. ती येऊरमध्ये कसोशीने पाळली जावी आणि तशीच मर्यादा फ्लडलाइटनाही घालावी, अशी माझी मागणी आहे. पाड्यांतील घरांचे आणि रस्त्यांचे दिवे यातून वगळावेत. तिथल्या आदिवासी कुटुंबांनी अंधारात राहावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र रस्त्यांच्या दिव्यांना झाकण बसवून त्यांचा उजेड खाली जमिनीकडे वळवता येतो.

स्थलांतराचा हंगाम सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो. वन विभाग, महापालिका आणि पोलीस यांची एकत्र बैठक घेऊन हा आदेश पावसाळा संपण्यापूर्वी काढावा, ही विनंती.

आपला नम्र,
ठाण्यातील एक पक्षीनिरीक्षक