छायाचित्र गेंड्या भुंग्याचे, बातमी दुसऱ्याच किड्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, सापडलेल्या भुंगेऱ्याच्या नव्या जातीची बातमी कालच्या अंकात वाचली. सोबतचे छायाचित्र मात्र गेंड्या भुंग्याचे आहे. नारळाचा कोवळा कोंब पोखरणाऱ्या या भुंग्याला आम्ही तारेच्या आकड्याने ओढून काढतो आणि मारतो. त्याच्याच चित्राखाली ‘हा ठेवा जपायला हवा’ असे छापून आले आहे. बातमी ज्या कॅराबिडी कुळाची होती, त्यातले बहुतेक भुंगेरे जमिनीवर धावतात, दिवसा दगडाखाली दडतात आणि रात्री अळ्या, गोगलगायी खातात. बागायतदाराचा वैरी आणि मित्र यांची अशी अदलाबदल किनारपट्टीवर खपणाऱ्या दैनिकात तरी होऊ नये.

त्याहून मोठी उणीव बातमीतच आहे. नावाच्या व्युत्पत्तीला अर्धा रकाना दिला आहे. पण तो भुंगेरा कोणत्या महिन्यात, कशाखाली, काय खाताना मिळाला, याबद्दल एक ओळही नाही. या कुळातल्या सुमारे 40,000 जातींना आजवर नावे मिळाली आहेत. त्यात आणखी एकाची भर घालताना अभ्यासकाला पाठीवरच्या रेषा, मिशांचे पेर, नराच्या जननेंद्रियाचा आकार हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली जवळच्या जातींशी ताडून पाहावे लागते. 1999 नंतर प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरायचे, तर ते ज्या नमुन्यावर आधारले तो नेमून द्यावा लागतो आणि कोणत्या संग्रहात ठेवला हेही नोंदवावे लागते. त्या नमुन्याच्या टाचणीला ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी असते, आणि माझे दुखणे त्या चिठ्ठीचेच आहे.

2011 च्या मिरगात, पहिल्या दोन सरी पडून गेल्यावर, मी आमच्या सड्यावर विजेरी घेऊन जांभ्याचे सुटे दगड उलटत फिरलो आणि अकरा भुंगेरे गोळा केले. एकाला चिमटीत धरताच त्याने मागून ‘फट्’ असा आवाज करून कढत फवारा सोडला. पोटातल्या दोन कप्प्यांतली रसायने एकत्र येताच हा फवारा सुमारे 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, हे मला नंतर कळले. बोटावरचा तपकिरी डाग मात्र चार दिवस साबणाने घासूनही गेला नाही. शाई स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून मी शिसपेन्सिलीने गाव, सड्याचे नाव, तारीख, वेळ आणि ‘ओल्या दगडाखाली, वाळवीच्या वारुळालगत’ असे लिहून चिठ्ठी बाटलीत घातली आणि ती बाटली एका संग्रहालयात नेऊन दिली. दोन वर्षांनी चौकशीला गेलो, तेव्हा बाटली फडताळात होती, पण चिठ्ठी नव्हती. स्पिरिट बदलताना ती कोणीतरी काढून टाकली असावी, असे मला शांतपणे सांगण्यात आले. कुठले आणि केव्हाचे हे ठाऊक नसलेल्या त्या अकरा भुंगेऱ्यांना अभ्यासाच्या दृष्टीने फारशी किंमत उरली नाही. पुन्हा गोळा करावेत, तर सड्याच्या त्या अंगाला आता चिरेखाण आहे आणि तिथले दगड कधीच ट्रकमधून गेले.

म्हणूनच त्याच पानावरच्या दुसऱ्या बातमीत सड्याचा उल्लेख ‘पडीक कातळ’ असा झालेला पाहून अधिक त्रास झाला. पावसाळ्याचे चार महिने तिथे गवत, फुले, बेडूक, खेकडे आणि हे भुंगेरे नांदत असतात. त्या जागेला पडीक म्हणणाऱ्याने मिरगानंतरची एक रात्र तिथे काढावी.

छायाचित्राची दुरुस्ती आपण कराल, अशी खात्री आहे. त्या दुरुस्तीतच भुंगेरा सापडल्याचा महिना, जागा आणि त्याचे खाणे हेही संबंधित अभ्यासकांना विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक नारळ बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी