चिप शिकवणार कोण?

सेमीकंडक्टर म्हणजेच चिप उद्योगातील रोजगारसंधींवरील आपला अग्रलेख वाचला. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये या क्षेत्रासाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली, हे स्वागतार्हच. पण कारखान्यांना लागणारी माणसे घडवणार कोण? माझी मुलगी नॅनोपदार्थांवर पीएच.डी. करते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवून ती तासन्‌तास क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त प्रयोगशाळेत, उभी असते. ज्या पातळ चकतीवर चिप घडते त्या वेफरवर धुळीचा एक कण बसला तरी आठवड्याची मेहनत वाया. कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७ हजार आहे, पण ती चार-चार महिने हाती पडत नाही. मुंबईतले घरमालक तेवढे थांबत नाहीत. पुढे प्राध्यापकी मिळाली तरी बहुधा कंत्राटीच. तिचे दोन सहकारी तैवानला गेलेही. फेलोशिप दरमहा ठरल्या तारखेला द्यावी आणि विद्यापीठांतील रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत.

– एक पालक, मुलुंड