त्या अर्जावरची तुझी सही

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगितलंस, की खालच्या मजल्यावरच्या आफ्रिकन मुलांना काढा असा अर्ज सोसायटीत फिरला आणि तूही सही केलीस. ‘सगळेच करत होते, आई.’ मी काहीच बोलले नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसले.

तू त्यांना ‘ते काळे’ म्हणालास. त्यांची नावं काय, कुठल्या देशाचे, काय शिकतात, तुला ठाऊक नव्हतं. दीड वर्ष एकाच जिन्यानं चढता-उतरता तुम्ही.

कोनाड्यातला तो कानतुटका कप आठवतो? आपल्या सालदाराचा. आखाजीला त्याचं साल ठरायचं, वर्षभर आपल्या शेतात राबायचा, आणि चहा झाला की कप स्वतः धुऊन तिथंच ठेवायचा. लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आजीनं ती रीत दाखवली. पुढं अकरा वर्षं मीच ती पाळली, कुणाच्या धाकानं नाही. तू ते बघत मोठा झालास. त्या सहीत माझाही वाटा आहे.

तिकडचा वर्णभेद वेगळा, आपली जात वेगळी, हे मला कळतं. पण जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना अर्पण केली. इथं बसून त्यांना तिथलं दुःख ओळखू आलं होतं.

आमच्या बचत गटाचं सांगते. भिल्ल वस्तीतल्या बाया बैठकीला यायच्या, पण उंबऱ्याशीच बसायच्या. गेल्या पावसाळ्यात मी बैठक वस्तीत घेतली. वाटलं, त्यांना बरं वाटेल. एक जण म्हणाली, ‘ताई, कापूस वेचायला मजूर लागले तरच तुम्ही इकडे येता. बँकेत सही करायला आमच्यातली एकही का नाही?’ मला राग आला. आपल्या गल्लीतल्या दोघी तर उठूनच गेल्या. मग मी सगळ्यांसमोर कपाची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज फुटेना.

पुढं तीन बैठका नुसतं बोलणंच चाललं. मला साने गुरुजी आठवायचे. अमळनेरच्या शाळेतले आपले गुरुजी. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, पण त्याआधी कित्येक महिने गावोगाव फिरून लोकांशी बोलले होते. आणि आपल्या शहाद्यात १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा भिल्लांच्या जमिनींसाठी लढणारे अंबरसिंग महाराज भिल्लच होते. मग मी कशाला अध्यक्ष राहू? आता तीच बाई अध्यक्ष आहे, मी वही लिहिते. तिनं पहिल्याच महिन्यात कर्जाचा क्रम बदलला: ज्यांच्या घरी दवाखान्याचा खर्च, त्यांना आधी. इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

तर तू आधी सोसायटीला लेखी कळव, की मी सही मागे घेतो. मग खाली जा. नाव विचार, आणि आपण सही केली होती हे स्वतःच्या तोंडानं सांग. दार लावून घेतलं तर रागावू नको. बोलायला तयार झाले तर सोसायटीची बैठक माग. तिथं त्यांच्या वतीनं तू बोलू नको, त्यांना बोलू देत. तू शेजारी बस.

बिबड्यांचा डबा पाठवतेय. खाली न्यायचे असतील तर सही मागे घेतल्यावर ने, त्याआधी नको.

तुझी,
आई