वाळवंटातलं भंगार

सातारा
रविवार

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत सगळ्यात जास्त काय आवडलं, असं तू फोनवर विचारलंस. मी "सांगतो निवांत" म्हणून विषय बदलला, कारण शेजारी जावईबापू बसले होते आणि माझं उत्तर होतं: भंगार. हस लेका, पण पुढचं वाच.

लॉस एंजेलिसपासून पूर्वेला दोन-अडीच तास मोटारीनं गेलं की मोहावी वाळवंट लागतं. माझ्या डोक्यात राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्या होत्या. तसं काहीच नाही. म्हसवडच्या पुढचा माळ आठव, त्यातल्या बाभळी काढून टाक आणि हात वर करून उभी असलेली, टोकाला काटेरी पात्यांचे झुबके असलेली झाडं लाव. ही जोशुआची झाडं. त्यांच्यावरूनच गावाचं नाव जोशुआ ट्री. डांबरी संपली की कच्च्या रस्त्यानं धुरळा खात जायचं आणि मग दहा एकराच्या उघड्या रानात शंभरच्या आसपास शिल्पं दिसायला लागतात. तिकीट नाही, वॉचमन नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कुणीही यावं, बघावं.

हे सगळं नोआ प्युरिफॉय या एका माणसाचं काम. 1917 साली अलाबामात जन्मलेला कृष्णवर्णीय. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या बांधकाम तुकडीत होता. कलाशाळेची पदवी मिळाली 1956 ला, म्हणजे चाळिशीला टेकल्यावर. तुझ्या वर्गात "आता वय गेलं सर" म्हणणारे पालक येतात ना, त्यांना हे सांग. 1965 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सहा दिवस जाळपोळ झाली, 34 माणसं गेली. हा तिथल्याच एका कलाकेंद्राचा संचालक होता. त्यानं आणि जडसन पॉवेल या त्याच्या मित्रानं जळक्या दुकानांतून तीन टन माल उचलून आणला. निऑनच्या पाट्या वितळून खाली ओघळल्या होत्या, त्याचे थिजलेले गोळेसुद्धा त्यात होते. त्यातून प्रदर्शन उभं राहिलं आणि ते गावोगाव फिरलं. पुढं बरीच वर्षं तो सरकारी कला परिषदेवर होता. आणि 1989 ला, सत्तरी ओलांडल्यावर, हा गडी वाळवंटात राहायला गेला आणि 2004 साली जाईपर्यंत तिथं काम करत राहिला.

माझी वेल्डरची नजर तुला माहीतच आहे, मी आधी जोड बघितले. कुठं तारेचे पीळ, कुठं खिळे, कुठं नट-बोल्ट. आपल्या शेडमध्ये कुणी असं काम केलं असतं तर मी दोन शिव्या हासडल्या असत्या. पण सायकली उलट्या करून उंचावर बसवल्यात, त्या बघत मी मान दुखेपर्यंत उभा राहिलो. कॅन्टीनच्या ॲल्युमिनियमच्या ताटल्यांचं एक काम आहे. व्हॅक्यूम क्लीनर आणि सायकलची चाकं जुळवून केलेली एक आगगाडी आहे, तिला रूळसुद्धा. तिच्यासमोर जावईबापू पहिल्यांदा मनापासून हसले.

मला खरा त्रास गंजाचा झाला. आपला सगळा धंदा गंजाशी भांडण्यात गेला. गेट गिऱ्हाइकाच्या दारी जायच्या आत रेड ऑक्साइडचे दोन हात, वर ऑइलपेंट. आणि या माणसानं ऊन-वाऱ्याला मुद्दाम कामाला लावलेलं. प्लायवूडचे पापुद्रे सुटलेत, कापडाच्या चिंध्या झाल्यात, पत्रा चहाच्या रंगाचा झालाय. त्याला ते तसंच हवं होतं. 2015 मध्ये यातली काही शिल्पं उचलून लॉस एंजेलिसच्या मोठ्या संग्रहालयात मांडली होती म्हणे. एसीत ती कशी दिसली असतील कुणास ठाऊक. आता एक संस्था जागेची देखभाल करते. तिचाही पेच कठीणच: दुरुस्त केलं तर त्याचं म्हणणं पुसलं जाणार, नाही केलं तर काही वर्षांनी बघायला काय उरणार?

पण मी ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते काम छोटंसं आहे. शेजारी शेजारी दोन वस्तू. एक पाणी प्यायचा नळ, त्यावर पाटी 'व्हाइट', म्हणजे गोऱ्यांसाठी. दुसरं संडासाचं भांडं, तेच प्यायच्या नळासारखं केलेलं, त्यावर पाटी 'कलर्ड', म्हणजे काळ्यांसाठी. बस, एवढंच. गोऱ्या-काळ्यांचे नळ वेगळे असायचे त्या काळी अलाबामात वाढलेल्या माणसाला याच्यासाठी कल्पना लढवावी लागली नसणार.

मला एकदम आपल्या साताऱ्याचा राजवाडा आठवला. तिथल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. त्या तारखेला आपण विद्यार्थी दिवस करतो, हार घालतो, रजिस्टरमधली सही कौतुकानं दाखवतो. पण नळाला हात लावायची त्या पोराला मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. पुढच्याच वर्षी ही भावंडं वडिलांकडं खटावकडच्या गोरेगावला जायला मसूर स्टेशनवर उतरली. गाडीवान दुप्पट भाडं घेऊनही त्यांच्याबरोबर बसेना, बैल पोरांनीच हाकले. जवळ डबा होता, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही, म्हणून ती उपाशीच झोपली. त्या मसूरच्या बाकड्यावर बसून कॉलेजात असताना आपण किती भेळ खाल्ली! तेव्हा हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का? आणि आपण तरी विचारलं होतं का? आपण पुतळे चांगले करतो, विश्वास. त्या नळाचं काही करायला आपला हात धजत नाही. प्युरिफॉयनं मोडकं भांडं उचललं आणि जाता-येता दिसेल असं ठेवून दिलं.

तू म्हणशील, "मी ड्रॉइंग मास्तर असून मला हा वेल्डर कला शिकवतोय." बरं, शिकवतो. तुझ्या शाळेमागच्या शेडमध्ये मोडके बाक, खिडक्यांच्या जुन्या जाळ्या पडल्यात, त्या भंगारवाल्याला दिल्या नसल्या तर थांबव. दिवाळीच्या सुट्टीत मशीन टेम्पोत टाकून सांगलीला येतो. काय करायचं ते पोरांना ठरवू दे, मी फक्त जोडून देणार. हेडमास्तरांच्या कानावर आधी घाल, नाहीतर आल्यावर वाद नको. आणि तिथं थ्री-फेज आहे का बघून कळव, नसलं तर छोटं मशीन आणतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता