अ‍ॅम्बेसेडरचे मूळ इंजिन राखणाऱ्या नानांचे जाहीर आभार

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या १९६८ सालच्या मार्क टू अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन आपण धुळ्याच्या आपल्या गॅरेजमध्ये पुन्हा उभे केलेत, त्याबद्दलचे आभार मी समक्ष मानले आहेतच. तरीही हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे, कारण दारात जुनी गाडी उभी असलेल्या आपल्या खानदेशातील अनेकांना आज तोच पेच पडतो, जो मला पडला होता: इंजिनाचे सुटे भाग मूळचेच बसवावेत की आजचे?

आपल्याकडे येण्याआधी मला दोन टोकांचे सल्ले मिळाले होते. एका वर्कशॉपमध्ये सांगण्यात आले की जुन्या इंजिनावर पैसे घालू नका, नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बेसेडरमध्ये आलेले इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह टाका. दुसरीकडे, जुन्या गाड्यांचे एक जाणकार साधा होजपाइपसुद्धा त्याच काळातला हवा, यावर ठाम होते. आपण दोघांनाही नावे ठेवली नाहीत. प्रत्येक भाग हातात घेऊन आपण दोनच गोष्टी विचारत होता: हा भाग गेला तर सोबत आणखी काय घेऊन जाईल, आणि बदल केला तर उद्या तो काढून गाडी पहिल्यासारखी करता येईल का?

१४८९ सीसीच्या मूळ ब्लॉकचा निर्णय त्यातूनच झाला. सिलिंडरच्या वरच्या काठाशी रिंगांनी पाडलेली कड आपण माझ्या नखाला जाणवून दिलीत, मग बोअर गेजने वर आणि खाली मोजून झीज किती आहे ते दाखवलेत आणि वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतील एवढे लोखंड शिल्लक असल्याची खात्री करून दिलीत. क्रँकही ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंगवर बसला. दुसरे इंजिन टाकायचे तर माउंटिंग कापून नवी वेल्ड करावी लागली असती आणि ते काम परत फिरवता आले नसते. शिवाय जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, मात्र ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. हा नियम आपण काम सुरू होण्याआधीच माझ्या कानावर घातला होता, याचे मोल मला आज कळते.

सिलिंडरवर बसणाऱ्या झाकणाच्या, म्हणजे हेडच्या बाबतीत मात्र आपण मूळचे तसेच ठेवण्याला स्पष्ट नकार दिलात, आणि मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते या नकाराबद्दल. जळका वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटचा गॅप, म्हणजे त्याच्या टोकाशी ठेवावी लागणारी बारीक फट, पुन्हा पुन्हा कमी होत होता. तो सेट करणाऱ्याच्या हातात दोष नसून व्हॉल्व्हच हेडमध्ये खोल बसत चालला आहे, हे आपण हेड उघडून दाखवलेत. या इंजिनाचे हेड बिडाचे असून व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती सीट त्या बिडातच कापलेली असते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचा पातळ थर सीटला झिजण्यापासून वाचवत असे, पण फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले आणि तो आधार गेला. कठीण मिश्रधातूच्या सीट रिंगा बसवणे परत फिरवता येण्यासारखे नाही, हे आपण आधीच सांगितलेत. पण त्या बसवल्या नसत्या तर मूळ हेडच कामातून गेले असते. इनटेकच्या सीटना येणाऱ्या मिश्रणाचा थंडावा मिळतो, म्हणून त्यांना आपण हातही लावला नाहीत. व्हॉल्व्हच्या कडेला निळा रंग पुसटसा लावून, व्हॉल्व्ह सीटवर दाबून किंचित फिरवून, उमटलेली रेघ सलग होईपर्यंत आपण एकेक नवी सीट पुन्हा पुन्हा घासत राहिलात. ते काम मी शेजारी उभा राहून पाहिले आणि मजुरीचा विचार मनातून निघून गेला.

रबराच्या बाबतीत वाद नव्हताच. मी मोठ्या हौसेने मिळवलेला, सीलबंद पुडीतला इंधन पंपाचा जुना डायाफ्राम (रबरी पडदा) आपण बोटांत वाकवून त्याच्या भेगा दाखवल्यात. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते पाणी ओढते आणि जुन्या रबराला फुगवते, म्हणून होज, सील आणि डायाफ्राम इथेनॉल सोसणारेच हवेत. त्यात आपल्याकडचा मे महिना! या इंजिनात कार्बोरेटर एक्झॉस्टच्याच बाजूला असल्याने पारोळ्याच्या रस्त्यावर भर दुपारी पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते. त्यासाठी आपण पेट्रोलचा पाइप मॅनिफोल्डपासून दूर वळवून मध्ये पत्र्याचा आडोसा दिलात. हेड गॅस्केटही जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसचे न घेता आजचे घेतलेत, ते योग्यच झाले.

इग्निशनवर आपले मत माझ्याहून वेगळे होते. ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट काळे पडले तर रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने साफ करून घर गाठता येते, त्यांच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक किट बंद पडले तर टोचन लावण्याखेरीज इलाज नाही, असे आपले म्हणणे. मला मात्र गाडी माझी मुलगीही चालवणार म्हणून किट हवे होते. आपण माझे ऐकलेत, बॅटरीचे अर्थिंग पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह ते तपासूनच किट घ्यायला लावलेत, डिस्ट्रिब्युटरला कुठेही भोक न पाडता ते टोपीखाली बसवलेत आणि जुनी पॉइंट प्लेट कंडेन्सरसह तेलकागदात गुंडाळून डिकीत ठेवलीत. ग्राहकाचे म्हणणे मान्य करूनही परतीची वाट मोकळी ठेवणारा कारागीर मला दुसरा भेटलेला नाही.

आपण सांगितलेले, जस्ताचे प्रमाण पुरेसे असलेले २०डब्ल्यू-५० तेलच वापरतो आहे, कारण नव्या गाड्यांच्या पातळ तेलात जुन्या कॅम आणि टॅपेटचे रक्षण होत नाही, हे मला पटले आहे. नवे भाग एकमेकांत रुळायचे असल्याने, म्हणजे इंजिन अजून रनिंग-इनमध्ये असल्याने, वेग आवरूनच चालवतो. हेडचे नट पुन्हा टॉर्कने आवळायला आणि टॅपेट तपासायला पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो; येताना आपण मागितलेले जुन्या पिस्टनचे माप आणि सुट्या भागांच्या पावत्याही आणतो. घरी सर्वांना नमस्कार सांगावा.

आपला ऋणी,
अमळनेरचा अ‍ॅम्बेसेडरवाला