'तू कोठे आहेस?' : मित्रास पत्र

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. देव सर्वत्र आहे असे ख्रिस्ती माणूस मानतो, तर मग माणूस देवापासून दुरावतो कसा, हा तुझा प्रश्न मला मोलाचा वाटला.

हा दुरावा अंतराचा नाही, नात्याचा आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, देवाने मना केलेले फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा या पहिल्या स्त्रीपुरुषांना एदेन बागेतून लगेच बाहेर काढले जात नाही. आधी ते स्वतःच झाडांआड लपतात. देव त्याच बागेत फिरत आहे, हाकेच्या अंतरावर आहे, आणि तरीही त्यांना त्याच्यासमोर उभे राहवत नाही. पुढे आदाम दोष हव्वेवर ढकलतो. म्हणजे देवाशी बिनसताच माणसामाणसांतही फट पडते. मात्र पहिली हाक देवाचीच आहे: 'तू कोठे आहेस?' शोधायला माणूस निघत नाही, देव निघतो. त्यांना बागेबाहेर घालवण्यापूर्वी तो चामड्याची वस्त्रे करून त्यांच्या अंगावर घालतो, हे वाक्य वाचताना मी दरवेळी थांबतो. पापाचे वर्णन केवळ नियमभंग म्हणून करणाऱ्यांना ही माया दिसत नाही, असे मला वाटते.

म्हणूनच सत्कर्मांची शिडी लावून वर पोचण्याची कल्पना या विश्वासात बसत नाही. देवाने ख्रिस्ताच्या द्वारे जगाचा स्वतःशी समेट केला, असे प्रेषित पौल करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहितो. सत्कर्मे त्या समेटातून उमलतात, त्याची किंमत म्हणून मोजली जात नाहीत. वधस्तंभावर येशू बायबलमधील २२ व्या स्तोत्राच्या शब्दांत आक्रोश करतो: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' माणसाच्या दुराव्याचा तळ तो येथे स्वतः गाठतो. त्याने प्राण सोडताच यरुशलेमच्या मंदिरातील पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मार्क आपल्या शुभवर्तमानात सांगतो. त्या पडद्याआडच्या परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनात, केवळ प्रमुख याजकाने, तेही वर्षातून एकदाच, जायचे असा नियम होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या फाटण्याचा अर्थ कळतो. हा समेट नेमका कसा घडला याची मांडणी निरनिराळ्या मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती पंथ, निरनिराळी करतात. त्या वादात मी आज शिरत नाही.

समेटानंतरचे देवाशी ऐक्य म्हणजे देवात विरून जाणे का, असे तू विचारतोस. नाही. इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोन येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेने ख्रिस्ताविषयी सांगितले की, त्याच्या ठायी दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव एकमेकांत न मिसळता आणि एकमेकांपासून न तुटता एकत्र आहेत. माणसाच्या ऐक्याकडेही मी याच प्रकाशात पाहतो. पूर्वेकडील (ऑर्थोडॉक्स) मंडळ्या माणसाच्या दैवी जीवनातील सहभागावर विशेष भर देतात, पण त्याही निर्माता आणि निर्मिती यांतील भेद पुसत नाहीत. अग्नीत ठेवलेले लोखंड लाल होते, तापते, तरी लोखंडच राहते, हा जुन्या आचार्यांचा दृष्टान्त मला समर्पक वाटतो. प्रेमाला दोघे लागतात. एकच उरला तर प्रेम कोणावर करायचे?

अर्थात हे ऐक्य आज पूर्ण झालेले नाही. प्रार्थनेत कित्येकदा काहीच जाणवत नाही. तरीही मृत्यू किंवा जीवन, वर्तमान किंवा भविष्य, काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून विभक्त करू शकणार नाही, असे पौल रोमकरांस लिहितो, आणि माझी भिस्त माझ्या जाणिवेवर नसून त्या वचनावर आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय, ज्यात येशू या ऐक्यासाठी प्रार्थना करतो, एकदा सलग वाच आणि तुला काय वाटले ते सविस्तर कळव.

तुझा स्नेहांकित