कोंडीत तिलापिया सोडला, शिंपल्यांचं काय?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

चढणीच्या माशांचे, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांचे व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतायत म्हणून लिहितोय. शास्त्री नदीच्या आमच्या कोंडीत, म्हणजे डोहात, मे महिन्यात पाणी गुडघ्यावर आलं की लहानपणी आम्ही पायाने चाचपून शिंपले काढायचो, खाडीतल्या तिसऱ्या नव्हेत हां, गोड्या पाण्यातले काळपट. यंदा नातवाला घेऊन गेलो, तासाभरात अकरा मिळाले, सगळे तळहाताएवढे, कवच झिजून पांढरं पडलेलं, नखाएवढा एकही नाही. परत सोडले.

कारण काय असेल? वाळूउपशाने घात केलाच, पण माझा संशय माशांवरही आहे. या शिंपल्याचं पिल्लू एकटं वाढत नाही. मादी ती आपल्या कल्ल्यांत सांभाळते, मग पाण्यात सोडते, अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतात, त्यांनी माशाचा कल्ला नाहीतर पर पकडायचा, तिथेच काही आठवडे काढायचे आणि मग गळून वाळूत जायचं. मासा नाही मिळाला तर मेली. त्यातही कुठलाही मासा चालत नाही. युरोपातल्या मोत्याच्या शिंपल्याला सॅमन नाहीतर तिथला ट्राउटच लागतो, अमेरिकेतून नेलेल्या रेनबो ट्राउटवर पिल्लं टिकत नाहीत, त्याचं शरीर त्यांना झटकून टाकतं. सगळेच परके मासे असे नसतात, काहींवर वाढतातही, पण हा जुगार कशाला? उलटंही झालंय, मत्स्यशेतीसाठी चीनकडचे कार्प युरोपात नेले तर त्यांच्या कल्ल्यांना चिकटून तिकडचा शिंपलाही गेला आणि आता तिथे पसरलाय.

आमच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वी हौशी मंडळींनी टबभर तिलापिया आणून सोडला, नारळ फोडून, फोटोबिटो काढून! 1952 साली भारतात आणलेला हा मासा अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो, वर्षातून कितीदा तरी वितो, विणीसाठी तळ उकरून खड्डे करतो. आता गळाला तोच लागतो, मळे-खवळे हे इथले मूळचे मासे क्वचित. मग शिंपल्याच्या पिल्लाने धरायचं कुणाला? आणि म्हातारे शिंपले वर्षानुवर्षं जगतात त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही, मोत्याचा शिंपला तर शंभरी पार करतो.

नदीत मत्स्यबीज सोडायच्या आधी कुठला मासा ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा एवढंच म्हणणं आहे, आणि शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा, पावसात तिथूनच मासे नदीत उतरतात. महाडजवळ वाळणकोंडीतल्या माशांना देवाचे म्हणून कुणी हात लावत नाही, तशी एखादी कोंड आम्हालाही राखता येईल की.

पुढच्या मे महिन्यात परत जाणार आहे, नखाएवढा शिंपला सापडला तर फोटो पाठवतो.

आपला एक वाचक,
संगमेश्वर